भाजलेल्या मातीच्या बागेतील शिल्पांना पुन्हा भट्टीत न घालता रंग कसा द्यावा?

ओली माती (धागाकर्ती)

माझ्याकडे मी स्वतः घडवलेली आणि एकदाच भाजलेली अकरा शिल्पे आहेत. त्यांत एक मोठे कासव, मातीत अर्धे रोवलेले दोन मासे, तीन घुबडे, पक्ष्यांसाठी पाण्याचे एक पसरट भांडे आणि काही लहान मुखवटे आहेत. कोणावरही काचेसारखी झिलई नाही. ती पुन्हा भट्टीत घालणे आता शक्य नाही, कारण कासव दोन भागांत भाजून नंतर इपॉक्सीने जोडलेले आहे, आणि बाकीच्यांतली बरीचशी शिल्पे बागेत राहून इतके पाणी प्यायलेली आहेत की जाड भागांतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटतील अशी मला भीती वाटते.

मागच्या वर्षी मी कासवाला तेली एनॅमलचे दोन हात दिले आणि त्यावर चकाकीच्या वार्निशचे तीन हात दिले. पाणी आत शिरूच नये, एवढाच माझा विचार होता. काही आठवडे ते फार सुरेख दिसले. नंतर पाऊस झाला, ऊन पडले, पुन्हा पाऊस झाला, आणि रंगाला फुगे आले. ते वरच्या पाठीवर आले नाहीत. जिथे कासव जमिनीला टेकते तिथे, पोटाच्या कडेने, आधी आले आणि मग वर सरकत गेले. एक पोपडा मी नखाने उचलून उलटा करून पाहिला. रंगाची वरची बाजू अजूनही गुळगुळीत आणि चकचकीत होती. पण खालच्या बाजूला भाजलेल्या मातीचा कागदाइतका पातळ थर चिकटून आला होता आणि त्यावर साखरेच्या बारीक कणांसारखी पांढरी भुकटी होती.

माझे प्रश्न असे आहेत: हे का झाले, हा रंग पूर्ण काढून टाकावा लागेल का, आणि उघड्यावर टिकेल असा रंग भट्टीशिवाय देता येतो का?

जुनी भट्टी

तुम्ही पोपडा उलटा करून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाठीवर लिहिलेले आहे. रंग मातीपासून सुटला असता तर त्याची खालची बाजू स्वच्छ निघाली असती. ती माती घेऊन निघाली, याचा अर्थ रंगाची पकड घट्ट होती आणि मातीच फाटली. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा आहे. मातीतले आणि जमिनीतले विरघळणारे क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडून गेले की तिथे त्यांचे स्फटिक होतात. पृष्ठभाग उघडा असेल तर हे स्फटिक बाहेर धरतात आणि ब्रशने झटकता येतात. त्यावर तुम्ही पाच हातांचे झाकण घातले, त्यामुळे ते झाकणाच्या खाली, मातीच्या छिद्रांमध्ये वाढू लागले, आणि वाढत्या स्फटिकांच्या दाबापुढे एकदा भाजलेल्या मातीचा पातळ थर टिकत नाही. अतिथंड प्रदेशात हेच काम बर्फ करतो, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते.

बागेतल्या शिल्पाचा रंग समोरून जात नाही, तो मागून जातो, हे आधी पक्के समजून घ्या. पाऊस वरून पडतो म्हणून आपण वरून बंदोबस्त करतो. पण कासव पाणी पिते ते पोटाकडून. ते पाणी बाहेर पडायला वाट लागतेच. ती वाट तुमच्या रंगातून जाणार असेल तर रंग एक तर वाफ सोडणारा असला पाहिजे किंवा छिद्रांत मुरून तिथेच राहणारा असला पाहिजे.

रंग निवडण्याआधी एक काम करा. प्रत्येक जातीच्या मातीचा एक तुकडा घ्या, पूर्ण वाळवून तोला, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, वरचे पाणी फडक्याने टिपून पुन्हा तोला, आणि वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा. साधारण १००० अंश सेल्सिअसला भाजलेली लाल माती १० टक्क्यांच्या वर-खाली पाणी पिते, तर १२०० अंशांच्या पुढे नीट पिकलेले स्टोनवेअर २–३ टक्क्यांच्या आत राहते. या दोघांना एकच रंग चालत नाही. बोटाच्या पेराने वाजवूनही अंदाज येतो. पिकलेली माती खणखणीत वाजते, कमी भाजलेली बद्द वाजते. पण तराजूचा आकडा हाती असेल तर पुढचा वाद वाचतो.

ओली माती

सांगितल्याप्रमाणे तोलून पाहिले. कासवाच्या मातीचा जुना तुकडा कोरडा ४१२ ग्रॅम होता आणि भिजल्यावर ४६१ ग्रॅम झाला, म्हणजे जवळपास १२ टक्के. घुबडे मात्र वेगळ्या मातीची होती आणि ती १२४० अंशांपर्यंत भाजली होती, हे मी विसरून गेले होते. त्यांतले सर्वांत लहान घुबड ६५५ वरून ६६८ ग्रॅमवर गेले, म्हणजे २ टक्के. दोघे शेजारी ठेवले तर उघड्या डोळ्यांना फक्त रंगाच्या छटेचा फरक दिसतो.

बागेतला कोपरा

इथे मला थोडा वेगळा अनुभव नोंदवावासा वाटतो. माझ्याकडे भाजलेल्या मातीचा एक सूर्यमुखवटा आहे. त्याला मी बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा ॲक्रिलिक इमल्शन रंग दिला आणि त्यावर चकाकीचे ॲक्रिलिक वार्निश दिले. त्याला सहा वर्षे झाली आहेत आणि रंग एका ठिकाणी किंचित फिका पडण्यापलीकडे काहीही झालेले नाही. तेव्हा रंगाचा पापुद्रा धरणारे सगळेच प्रकार बाद करू नयेत, असे मला वाटते.

जुनी भट्टी

तुमचा मुखवटा भिंतीवर टांगलेला आहे का, आणि त्याची मागची बाजू उघडी आहे का?

बागेतला कोपरा

होय, पाखाच्या खाली टांगलेला आहे आणि मागून रंगवलेला नाही.

जुनी भट्टी

मग त्याला दोन गोष्टी मिळाल्या आहेत: जमिनीचे पाणी त्याला लागत नाही, आणि जे थोडे दमट होते ते मागच्या उघड्या बाजूने निघून जाते. शिवाय पाण्यातले ॲक्रिलिक रंग तेली एनॅमलपेक्षा वाफ बरीच जास्त सोडतात. तुमचा अनुभव खरा आहे आणि तो मुद्दा पुढेच नेतो. ॲक्रिलिकचा पापुद्रा चालतो; मात्र शिल्प जमिनीवरून उचललेले असावे, तळ आणि आतली बाजू उघडी असावी, आणि पोकळ शिल्पाच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक असावे. भोक नसेल तर फरशीसाठीच्या ड्रिल बिटने, हातोड्याचा ठोका बंद ठेवून, पाण्याची धार सोडत सावकाश पाडता येते.

कासवाचा जुना रंग पूर्ण काढावा लागेल. जिथे तो अजून घट्ट आहे तिथे लोणा अजून पोहोचलेला नाही इतकेच. रंग काढायच्या द्रावणाने मऊ करून खरवडा, आणि तो निघाल्यावर कासव स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवून पाणी रोज बदला, म्हणजे आतले क्षार बरेचसे उतरतील. नंतर वाळवा. वाळले की नाही हे हात लावून कळत नाही. रोज तोला, सलग तीन दिवस वजन उतरले नाही तरच ते वाळले असे समजा.

रंगद्रव्य

रंगाच्या टिकण्याची दुसरी बाजू उन्हाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. बंधक, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा पदार्थ, कितीही चांगला असला तरी रंगद्रव्यच उन्हाने उडणारे असेल तर वर्षभरात फक्त पांढुरकी छटा उरते. चित्रकलेच्या ॲक्रिलिक ट्यूबवर नावाखाली एक बारीक संकेतांक छापलेला असतो. तो वाचायची सवय लावून घ्या, कारण ‘किरमिजी’ किंवा ‘आकाशी’ ही नावे विक्रीसाठी असतात आणि संकेतांक पदार्थाचा असतो. पीआर १०१ म्हणजे लोखंडाचा लाल ऑक्साइड, पीवाय ४२ म्हणजे पिवळा, पीबीके ११ म्हणजे काळा, पीजी १७ म्हणजे क्रोमियमचा हिरवा ऑक्साइड, पीबी २८ म्हणजे कोबाल्टचा निळा आणि पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा. ही सर्व खनिज रंगद्रव्ये उघड्यावरच्या उन्हात टिकतात. गेरू, काव आणि पिवडी या आपल्या ओळखीच्या मातीरंगांमध्येही रंग येतो तो लोखंडामुळेच, म्हणून त्यांनाही ऊन बाधत नाही. याउलट पीआर ८३ हा जुना ॲलिझरिन किरमिजी, सगळे फ्लुरोसंट रंग आणि अल्कोहोलमधल्या शाया घराबाहेर वापरू नयेत. शायांचा रंग काही आठवड्यांतच उडू लागलेला मी पाहिला आहे. सोनेरी रंग हवा असेल तर अभ्रकाच्या चमकीचा घ्यावा. पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग हवेने काळवंडतो.

भाजल्यानंतर रंगवणे ही कमअस्सल तडजोड आहे असे भट्टीवर काम करणाऱ्या काही मंडळींना वाटते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. चीनमध्ये १९७४ साली सापडलेल्या मातीच्या सैन्यातले सैनिक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात भाजून झाल्यावर रंगवलेले होते. मातीवर आधी लाखेच्या झाडाच्या चिकाचे अस्तर होते आणि त्यावर हिंगूळ (लाल), मॅलाकाइट (हिरवा), ॲझुराइट (निळा) आणि बेरियम-तांब्याचा कृत्रिम जांभळा असे रंग होते. दोन हजार वर्षे दमट जमिनीत राहिलेले ते अस्तर उत्खननात कोरड्या हवेत आले आणि काही मिनिटांत आक्रसून, वळून, रंगासकट गळून पडू लागले. रंगद्रव्ये शाबूत होती. हरले ते अस्तर, आणि तेही पाण्याच्या येण्याजाण्यामुळेच. ग्रीसमधल्या ‘तानाग्रा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातीच्या लहान मूर्तींवरही भाजणीनंतरच निळे-गुलाबी रंग दिलेले आहेत आणि त्यांच्याही अंगावरून ते बहुतेक ठिकाणी गेले आहेत.

दगडफूल

१२ टक्के पाणी पिणाऱ्या मातीसाठी मी सिलिकेट रंगाचा आग्रह धरेन. यात बंधक म्हणून पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे पाण्यात विरघळवलेली काच असते. जर्मनीत ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये याचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून हा रंग इमारतींच्या दर्शनी भिंतींवर वापरला जात आहे. हा रंग पापुद्रा धरत नाही. तो छिद्रांत शिरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे घट्ट होतो आणि खनिज पृष्ठभागाशी जखडला जातो. छिद्रे मात्र वाफेसाठी मोकळी राहतात. त्याचे पोपडे निघण्याचा प्रश्न म्हणूनच जवळपास येत नाही. तो फार तर झिजतो. फुलदाणीसारखी चकाकी त्याला येत नाही, तो दगडासारखा मंद दिसतो, आणि बागेत मला तरी तेच शोभते.

दोन अटी मात्र आहेत. पृष्ठभाग पाणी पिणारा आणि पूर्ण उघडा असला पाहिजे. आधीच्या वार्निशचा किंवा तेलाचा अंश राहिला तर तिथे रंग धरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरून शोषला गेला तर पुढे जा. मोत्यासारखा उभा राहिला तर ती जागा अजून स्वच्छ व्हायची आहे. आणि हा रंग अल्कधर्मी (अल्कलाइन) असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. खिडकीच्या काचेवर पडलेला थेंब लगेच धुतला नाही तर काचेवर कायमचा डाग राहतो. यात वाटेल ते रंगद्रव्य मिसळू नका. प्रशियन निळा अशा माध्यमात तपकिरी होतो.

ओली माती

कासव आणि मासे यांच्यासाठी सिलिकेट हे पटले. घुबडांचे काय करावे? त्यांच्यावर थेंब शोषला जात नाही, नुसता रेंगाळतो.

जुनी भट्टी

घुबडांवर सिलिकेट रंग वाया जाईल. त्याला शिरायला जागाच नाही. तिथे पाणी आतून येण्याची भीती नाही, म्हणून पापुद्र्याचा रंग चालतो. अडचण फक्त पकडीची आहे. १२० नंबरच्या वॉटर पेपरने, ओले ठेवूनच, सर्वत्र घासा. कोरडे घासू नका, कारण भाजलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. मग धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसा आणि बोट न लावता काच व टाइल्सवर पकड घेणारे अस्तर पातळ द्या. त्यावर बाहेरच्या वापराचे ॲक्रिलिक. दोन आठवडे थांबून एका कोपऱ्यात ब्लेडने चौकटी-चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर सगळे रंगवण्याआधीच कळेल.

झिलई असलेल्या वस्तूंबद्दल कुणी विचारणार असेल तर तेही सांगून ठेवतो: झिलई म्हणजे काच, आणि उघड्यावर काचेवरचा थंड रंग मला कधीही समाधान देऊन गेलेला नाही. ‘थंड झिलई’ किंवा ‘बिनभट्टीची झिलई’ म्हणून जे विकले जाते ते रेझिन किंवा वार्निश असते. झिलई ही वितळलेली काच असते आणि ती भट्टीशिवाय होत नाही.

रेघ आणि रंध्र

घुबडांना सबंध रंगवण्याऐवजी ऑक्साइडचा पोतारा देऊन पाहा. मी बहुतेक कामांना तोच देते. लोखंडाचा काळा किंवा तपकिरी ऑक्साइड ॲक्रिलिकच्या मॅट माध्यमात, म्हणजे बिनरंगी, बिनचकाकीच्या ॲक्रिलिक द्रवात, मिसळायचा आणि थोड्या पाण्याने ताकासारखा पातळ करायचा. नुसत्या पाण्याने पातळ करू नये, कारण मग रंगद्रव्याला धरायला बंधकच उरत नाही आणि पहिल्या पावसात तो धुऊन जातो. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यायचा. कुंचल्याने पिसांच्या खाचांत तो कोंबायचा, अर्धा मिनिट थांबायचे, आणि मग घट्ट पिळलेल्या स्पंजने वरच्या उंचवट्यांवरून एकाच दिशेने पुसून घ्यायचे. स्पंजची घडी दर वेळी बदलायची, नाहीतर काढलेला रंगच परत फासला जातो. खाचांत काळे राहते, कडांवर मातीचा मूळ रंग उघडा पडतो, आणि एवढा वेळ सपाट दिसणारे पीस अचानक उचलून आल्यासारखे दिसते. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळ्या ऑक्साइडचा त्याहून पातळ हात फक्त छातीवर द्यावा. रंगाचा थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे सोलून निघण्यासारखे फारसे काही उरत नाही.

खापर

पक्ष्यांच्या भांड्याबद्दल कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. आतली बाजू, जिथे पाणी राहते आणि चोच लागते, ती अजिबात रंगवू नका. कोणताही रंग नको आणि कोणतेही वार्निश नको. बाहेरच्या बाजूला काय हवे ते करा, मात्र कडेपासून दोन बोटे खाली थांबा. भांडे पाझरते म्हणून आत रेझिन लावण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि पुढे खवले धरते. सुक्या रंगद्रव्याची पूड मळताना तोंडावर चांगला मास्क असू द्या. आणि कुणी जवसाच्या तेलाने मातीला गडद छटा देत असेल तर तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

दगडफूल

रंगानंतर पाणी झटकणारे, मुरणारे द्रावण द्यायचे असेल तर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे घ्यावे. ते छिद्रांच्या भिंतींना लागते, छिद्र बुजवत नाही, त्यामुळे वाफेची वाट मोकळी राहते. जमिनीतून सतत पाणी आणि क्षार येत असतील तर मात्र ते देऊ नये, कारण मग क्षार त्या थराच्या मागे साठतात आणि कासवाचीच गोष्ट पुन्हा घडते.

ओली माती

सर्वांचे मनापासून आभार. चार महिन्यांनी परत लिहिते आहे, कारण आधी नमुने करून पाहायचे असे ठरवले होते.

कासवाच्या मातीचे सहा तुकडे घेतले आणि जमिनीत उभे, अर्धे पुरले. एकावर तेली एनॅमल, एकावर ॲक्रिलिक चकाकीच्या वार्निशसह, एकावर नुसते ॲक्रिलिक, एकावर सिलिकेट रंग, एकावर ऑक्साइडचा पोतारा, आणि एक कोरा. एक दिवसाआड भरपूर पाणी घातले आणि मध्ये ऊन खाऊ दिले. एनॅमल सातव्या आठवड्यात जमिनीच्या रेषेपासून दोन बोटे वर फुगले, अगदी कासवावर फुगले होते त्याच उंचीवर. वार्निशसह ॲक्रिलिकला त्यानंतर महिन्याभराने तिथेच बारीक फोड आले. नुसत्या ॲक्रिलिकला एक फोड आला. सिलिकेटच्या तुकड्यावर आणि पोताऱ्याच्या तुकड्यावर त्याच उंचीला क्षारांची पांढरी रेघ उमटली, कोऱ्या तुकड्यावर उमटली तशीच. पण ती कोरड्या ब्रशने निघाली आणि खालचा रंग जागेवर होता.

कासवाचा जुना रंग काढायला पाच दिवस लागले. पाण्यात ते नऊ दिवस होते. वाळताना वजन उतरायचे थांबेपर्यंत आणखी सोळा दिवस गेले. दहाव्या दिवशी हाताला ते पूर्ण कोरडे वाटले होते, आणि तराजू नसता तर मी त्याच दिवशी रंगवायला बसले असते. आता त्याच्या पाठीवर हिरवा क्रोमियम ऑक्साइड आणि काव यांचे सिलिकेटमधले दोन हात आहेत, पोट कोरे ठेवले आहे, आणि ते तीन चपट्या दगडांवर उभे आहे. इपॉक्सीच्या सांध्यावर मात्र सिलिकेट धरला नाही. तिथे करंगळीएवढी रेघ उघडी राहिली आहे. त्या सांध्यापुरते त्याच छटेचे मॅट ॲक्रिलिक लावावे का, की कडेला दोन प्रकार एकत्र आल्याने नवा प्रश्न उभा राहील?

जुनी भट्टी

लावा. सांधा पाणी पीत नाही, म्हणून तिथे पापुद्रा चालेल. फक्त इपॉक्सीच्या बाहेर मातीवर तो जाऊ देऊ नका. बारीक कुंचल्याने कडेच्या आतच थांबा, आणि लावण्याआधी सांधा वॉटर पेपरने ओला घासून घ्या.